बाळाचं पहिलं वर्ष आणि पहिला वाढदिवस: खानदेशातल्या नव्या आईबाबांसाठी

पहिला वाढदिवस एका दिवसाचा असला तरी त्याची तयारी उष्टावणापासूनच सुरू होते. आपल्याकडे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या घरांत बाळाचं काही असलं की भाऊबंद, सोयरे, गल्ली असं सगळं जमतं आणि शंभर पान सहज होतं. उष्टावण, बोरनहाण, जावळ या वर्षभरातल्या लहान कार्यक्रमांत तुमच्या लक्षात येत जातं की आपलं बाळ गर्दीत कसं वागतं, कोणाच्या कडेवर शांत राहतं, किती वाजता चिडचिडं होतं. वाढदिवसाचं सगळं नियोजन या माहितीवरच उभं करायचं असतं. माझं पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगणं एकच आहे: कार्यक्रम कोणताही असो, घड्याळ बाळाचं असू द्या. मुहूर्त, पाहुण्यांची गाडी, आचाऱ्याची सोय हे सगळं त्यानंतर.

सहावा महिना: उष्टावण

सहा महिने पूर्ण होईपर्यंत बाळाला आईचं दूध पुरतं, वरचं पाणीही लागत नाही. सहा महिने झाले की वरचं अन्न सुरू करायचं आणि आईचं दूध दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही चालू ठेवायचं. उष्टावणाचा मुहूर्त यात बरोबर बसतो. मामाने चांदीच्या वाटीतून, सोन्याच्या अंगठीने खिरीचं बोट लावायचं ही रीत सुंदर आहे आणि ती जरूर करावी. एवढंच पाहा की खीर पातळ, गुठळीविना घोटलेली असावी, त्यात साखर नसली तर उत्तम, आणि मध तर अजिबात नसावा. एक वर्षाच्या आत मध दिल्याने बाळाला बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. घरातल्या मोठ्यांनी 'एक बोट चाटवलं तर काय होतं' म्हटलं तरी इथे नम्रपणे पण ठाम राहा.

उष्टावणाच्या दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू होतं. मऊ भात आणि मुगाचं वरण, ज्वारीच्या पिठाची पेज, शिजवून कुस्करलेला लाल भोपळा, आणि आपल्या जिल्ह्याचं केळं. रावेर, यावल, चोपड्याकडच्या घरांत केळं घरचंच असतं. पिकलेलं केळं काट्याने दाबलं की झालं, मिक्सरची गरज नाही. नवा पदार्थ एका वेळी एकच द्या आणि दोन-तीन दिवस तोच चालू ठेवा, म्हणजे पुरळ किंवा जुलाब झाले तर कशाने झाले ते कळतं. वर्षाच्या आत गाईम्हशीचं दूध हे मुख्य पेय म्हणून देऊ नका. वरून मीठही घालायला नको. बाळाला ते अळणी लागत नाही, आपल्यालाच लागतं.

अंगणवाडीत नाव नोंदवलेलं नसेल तर याच महिन्यात नोंदवा. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना तिथून घरी न्यायचा आहार मिळतो आणि दर महिन्याला वजन होतं. शहरात राहणारी बरीच घरं अंगणवाडी आपल्यासाठी नाही असं समजतात. वजनाचा आलेख काढून देणारी सोय कोणासाठीही उपयोगाचीच असते.

संक्रांत आली की बोरनहाण

बाळाची पहिली संक्रांत कोणत्या महिन्यात येते त्यावर हा कार्यक्रम कसा करायचा ते ठरतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणत्याही दिवशी करता येतं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, शेंगा. गल्लीतली मुलं लुटायला येतात, आणि ती पोरं आनंदाने तुटून पडतात तो या दिवसाचा सगळ्यात चांगला भाग असतो.

पण लुटीतली जवळपास प्रत्येक वस्तू लहान बाळाच्या घशात अडकेल एवढ्याच आकाराची असते. बोराची बी, शेंगदाणा, हरभरा, हलव्याचा दाणा. म्हणून बाळावर ओतायला चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ठेवा, बाकीचं पाटाभोवती लांब टाका. लूट झाली की बाळाला लगेच उचलून दुसऱ्या खोलीत न्या आणि सतरंजी झाडल्याशिवाय खाली सोडू नका. रांगणाऱ्या बाळाला दोन दिवसांनंतरही सोफ्याखालचं बोर सापडतं. अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, कडक गोळ्या या गोष्टी चार-पाच वर्षांपर्यंत दूरच ठेवाव्यात.

घशात काही अडकलं आणि बाळाला रडता, खोकता येत नसेल तर काय करायचं हे घरातल्या दोघांना तरी यायला हवं. वर्षाच्या आतलं बाळ हातावर पालथं घ्यायचं, डोकं खाली, मान आधारलेली. तळहाताच्या टाचेने दोन्ही खांद्यांच्या मधे पाच थापा. निघालं नाही तर उताणं करून छातीच्या मध्यावर दोन बोटांनी पाच दाब. हे आलटूनपालटून करत राहायचं आणि दुसऱ्या माणसाने १०८ ला फोन लावायचा. वर्ष ओलांडलेल्या मुलाला पाठीवरच्या थापा तशाच, मात्र छातीऐवजी बेंबीच्या वर पोटावर आत-वर असे झटके देतात. तोंडात दिसत नसलेली वस्तू बोट घालून शोधू नका, ती आणखी आत जाते. जवळच्या आरोग्य केंद्रात हे एकदा बाहुलीवर करून दाखवायला सांगा. वाचून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट एकदा हाताने केल्यावर कळतं.

नववा महिना: लस, आणि शेजारच्या आजींचं बोलणं

नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा पहिला डोस, न्यूमोकोकलचा (न्यूमोनियाविरुद्धच्या लसीचा) बूस्टर, इंजेक्शनच्या पोलिओचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व अ चा पहिला डोस असतो. हे सरकारी दवाखान्यात आणि उपकेंद्रात मोफत मिळतं. वर्षभरात सगळ्यात जास्त राहून जाणारी ही भेट आहे, कारण साडेतीन महिन्यांच्या डोसनंतर मध्ये मोठी पोकळी पडते आणि तोवर आई माहेराहून सासरी आलेली असते. कार्ड माहेरीच राहतं. बाळाचं कार्ड बाळाबरोबर फिरलं पाहिजे, कपड्यांच्या पिशवीत त्याचा एक कप्पाच करा.

याच सुमारास तुलना सुरू होते. ओट्यावर बसलेली प्रत्येक आजी सांगते, "आमना पोऱ्या दहावा महिनामा चाले लागना." त्यांचं खरं असेलही. पण जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी मुलांचा अभ्यास करून २००६ साली जी कालमर्यादा मांडली, तीत एकट्याने चालणं साधारण ८ ते साडेसतरा महिन्यांच्या दरम्यान कधीही येऊ शकतं. आधाराशिवाय बसणं साधारण ४ ते ९ महिने, हातगुडघ्यांवर रांगणं ५ ते साडेतेरा महिने. आणि शंभरातली चार-एक मुलं तशी रांगतच नाहीत, बुडावर सरकतात किंवा थेट उभी राहतात. वाढदिवसाला बाळ चालत नाही म्हणून पाहुण्यांपुढे त्याला दंडाला धरून चालवून दाखवायचा आग्रह होतो. तो होऊ देऊ नका. बाळ कडेवर घेऊन हसत "चालेल हो त्याच्या वेळेने" म्हणायचं आणि विषय बदलायचा.

चालायला लवकर यावं म्हणून आत बसवायचा चाकांचा वॉकर आणू नका. त्याने चालणं लवकर येत नाही, उलट बाळ पायरीवरून किंवा चुलीपाशी वेगाने जातं. कॅनडाने तर २००४ पासून त्याच्या विक्रीवर बंदीच घातली आहे. आपला लाकडी पांगुळगाडा मात्र वेगळा. त्यात बाळ स्वतःच्या पायांवर उभं असतं आणि ढकलतं. बाळ स्वतः उठून उभं राहू लागलं की पांगुळगाडा द्यावा, माणूस मागे असावा, ओट्याच्या कडेला पाट आडवा लावावा. मामाला काय भेट आणू असं विचारायचं असेल तर हीच सुचवा. जुन्या सुताराकडे सांगून करून मिळतो.

तुलना करू नये हे जेवढं खरं तेवढंच हेही खरं की काही खुणांकडे डोळेझाक करू नये. नऊ महिने होऊनही बाळ आधाराशिवाय बसत नाही, नावाने हाक मारली तर वळत नाही, 'बाबाबा-दादादा' असे आवाज काढत नाही. वर्ष झालं तरी धरून उभं राहत नाही, टाटा करत नाही, काही हवं असेल तर हात पुढे करत नाही. एकच हात वापरतं. किंवा आधी जे येत होतं ते आता करत नाही. यातलं काहीही दिसलं तर 'मुलगा आहे, उशिरा बोलेल' असं म्हणत थांबू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतात, तिथेही तपासून घेता येतं आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी पुढची मोफत सोय होते. लवकर सुरू केलेल्या व्यायामाचा आणि उपचाराचा फरक फार मोठा असतो.

वजनाचा साधा हिशेब: वर्षाला जन्मवजनाच्या सुमारे तिप्पट, उंची ७५ सेंटीमीटरच्या आसपास. अंगणवाडीत दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. साडेबारा सेंटीमीटरच्या आत घेर आला तर आहाराकडे लक्ष द्यायचं, साडेअकराच्या आत आला तर त्याच दिवशी दवाखाना.

दहावा महिना: कागद

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येतं. त्यानंतर विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण चकरा वाढतात. बारसं थाटात झालं, आत्याने कानात नाव सांगितलं, आणि दाखल्यावर मात्र नावाची जागा कोरी, अशी कितीतरी घरं आहेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, पासपोर्ट अशा ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, त्यामुळे हे काम वाढदिवसाच्या आधीच हातावेगळं करा.

आपल्याकडची गोम अशी की पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सासर शिरपूरचं आणि बाळंतपण चोपड्याला झालं असेल तर नोंद चोपड्याच्या नगरपरिषदेत असते, शिरपुरात शोधून मिळणार नाही. खेड्यात घरी किंवा उपकेंद्रात जन्म झाला असेल तर ग्रामपंचायतीत. म्हणून आई माहेरी असतानाच किंवा पुढच्या माहेरच्या फेरीत हे उरकावं. मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिप्यांत नाव, वडिलांचं नाव, आडनाव आधी कागदावर लिहून न्या आणि दाखला हातात घेताच खिडकीपाशी उभं राहून अक्षरन् अक्षर तपासा. घरी येऊन कळलेली चूक दुरुस्त करायला जास्त त्रास होतो.

दाखला आला की बाल आधार काढता येतं. पाच वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, आई किंवा वडिलांच्या ठशांवर नोंदणी होते. मुलगी असेल, ती १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेली असेल आणि घरी पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असेल तर 'लेक लाडकी' योजनेचा अर्ज भरला का ते अंगणवाडी सेविकेला विचारा. त्यात टप्प्याटप्प्याने मिळून १ लाख १ हजार रुपये मिळतात, पहिला हप्ता जन्माचाच असतो.

जावळ

जावळ कुठे आणि कधी हे घरच्या देवावर आणि मानतेवर ठरतं, त्यात बाहेरच्याने बोलू नये. कोणाचं धुळ्याला पांझरेकाठच्या एकवीरेला, कोणाचं यावलकडे सातपुड्यातल्या मनुदेवीला, कोणाचं चाळीसगावजवळ पाटणादेवीला, तर कोणी थेट वणीच्या सप्तशृंगी गडावर जातं. काही घरांत विषम महिना किंवा विषम वर्ष पाहतात, काही घरांत मुलींचंही काढतात.

तुमच्या हातात असतं ते बाकीचं सगळं. चैत्रातल्या यात्रेत मान असला तरी गर्दी आणि ऊन दोन्ही टिपेला असतात. मानता 'यात्रेतच' अशी बोललेली नसेल तर थंडीतला साधा दिवस निवडा. सकाळी लवकर पोहोचा. बाळाला निघण्याआधी नाही, तर जावळाच्या अर्धा तास आधी पाजा. भरल्या पोटी ओकतं, रिकाम्या पोटी रडतं. मामाच्या मांडीवर बसवायचं असतं, तर मामाची आणि बाळाची ओळख आदल्या दिवशीच होऊ द्या. वर्षभरात दोनदा भेटलेल्या मामाच्या मांडीवर नऊ-दहा महिन्यांचं बाळ किंचाळणारच, त्या वयात अनोळखी चेहऱ्याची भीती अगदी स्वाभाविक असते. नाभिकाकाकांना नवं पातं तुमच्यासमोर पाकिटातून काढायला सांगा, किंवा स्वतःच घेऊन जा. केस आधी कोमट पाण्याने चांगले भिजवले की खरचटत नाही. टाळूची मऊ जागा साधारण दीड वर्षापर्यंत भरून येते, तोवर तिथे हात हलकाच असावा. नंतर सुती टोपडं घालूनच उन्हात निघा.

जावळ आणि वाढदिवस एकाच दिवशी उरकून टाकावा असं घरचे म्हणतील, खर्च वाचतो हे खरं. तरी मी दोन्हींत आठवड्याभराचं तरी अंतर ठेवायला सांगेन. पहाटेचा प्रवास, रडणं, ऊन आणि संध्याकाळी पुन्हा गर्दी, एवढं सगळं एका बाळाला एका दिवसात झेपत नाही.

तारीख आणि वेळ

तिथीने की तारखेने, यावर भांडू नका. तिथीला सकाळी घरात औक्षण आणि देवाला नैवेद्य, तारखेला किंवा जवळच्या रविवारी पाहुणे, असं केलं की दोन्ही बाजू सांभाळल्या जातात. सुरत, नाशिक, पुण्याला नोकरीत असलेली घरं कानबाईला, म्हणजे आपल्या श्रावणातल्या देवीच्या उत्सवाला, गावी येतातच. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सोमवारी विसर्जन होतं. वाढदिवस श्रावणाच्या मागेपुढे असेल तर रोटांसाठी (कानबाईच्या नैवेद्यासाठी) जमलेल्या भाऊबंदांतच तो साजरा करता येतो, वेगळं बोलावणं लागत नाही. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमाराचा असेल तर लेकी माहेरी आलेल्याच असतात, आत्या-मावश्या आपोआप हजर.

पण आखाजी म्हणजे वैशाख. जळगाव-भुसावळचा पारा तेव्हा ४५ अंशांच्या घरात असतो. एप्रिल ते जूनमधला वाढदिवस दुपारी नकोच. संध्याकाळी सहाला औक्षण, साडेसहापासून पंगत, आठला बाळ झोपलेलं. कूलर बाळाच्या थेट अंगावर नको, खोलीची खिडकी उघडी हवी. वीज गेली तर काय करायचं ते आधी ठरवा. इन्व्हर्टरवरचा एक पंखा बाळाच्या खोलीसाठी राखून ठेवा. जरीचा कडक पोशाख फोटोपुरता दहा मिनिटं घाला, मग मऊ सुती झबलं. पावसाळ्यात धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, मांडव घालण्याचा मोह टाळा.

थंडीतला वाढदिवस असेल तर मळ्यात भरिताचा बेत करा, यासारखं दुसरं सुख नाही. कपाशीच्या वाळल्या काड्यांवर भाजलेली हिरवी भरिताची वांगी, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, बाहेरगावच्या पाहुण्यांना हे जरूर सांगा. मळ्यात दुपारची वेळ घ्या, कारण सूर्य कलला की गारठा पडतो. बाळाला जाळाच्या आणि धुराच्या वाऱ्याच्या दिशेला ठेवू नका, आणि विहिरीच्या कडेला एक मोठा माणूस सबंध वेळ बसलेला हवा. तिथे पाहुण्यांची मुलंही असतात.

पान

मला विचाराल तर पहिल्या वाढदिवसाला वरण-बट्टीसारखा दुसरा बेत नाही, कारण घरादाराबरोबर बाळालाही त्याच स्वयंपाकातलं खाता येतं. पन्नास माणसांना अंदाजे सहा किलो जाडसर कणीक, साडेतीन किलो तूरडाळ, सात किलो वांगी आणि दीड किलो तूप धरा. वाढणारा हात सढळ असेल तर तूप दोन किलो. कणकेत थोडा मक्याचा रवा, ओवा, हळद, मीठ, तेलाचं मोहन. वाफवून, कापून, तळून.

बाळाचा वाटा सुरुवातीलाच बाजूला काढायचा. मीठ घालण्याआधी मूठभर कणीक मळून तिची एक लहान बट्टी वाफवायची, ती तळायची नाही. डाळ शिजली की मीठ आणि फोडणी पडण्याआधी एक वाटी वरण काढायचं. त्यात बट्टी बारीक कुस्करायची, चमचाभर तूप, दहा मिनिटं भिजू द्यायची. हे आचाऱ्याला सकाळीच सांगून ठेवा, नाहीतर फोडणी पडल्यावर आठवण होते. शेवभाजी ठेवणार असाल तर मोठ्यांसाठी, आणि पंगतीतल्या हौशी काकांना बजावून ठेवा की बाळाच्या जिभेला रस्सा लावायचा नाही. खापरावरचे मांडे हवे असतील तर करणाऱ्या बायकांना महिनाभर आधी सांगावं लागतं, लग्नसराईत त्यांना उसंत नसते.

केक हवाच असतो, आणि तो असावा. फोटोसाठी बेकरीचा आणा, बाळासाठी घरी वेगळा करा. दोन वर्षांपर्यंत साखर न देणं उत्तम. तीन पिकलेली केळी कुस्करून त्यात अर्धी वाटी दही, पाव वाटी तूप आणि भिजवून वाटलेले आठ-दहा बिनबियांचे खजूर घाला. दीड वाटी कणीक, चमचाभर बेकिंग पावडर आणि चिमूटभर सोडा चाळून मिसळा. जाड बुडाच्या कढईत तिवई ठेवून, झाकण लावून, कढई आधी दहा मिनिटं तापवून मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं. सुरी घालून कोरडी आली की झाला. आदल्या रात्री करून ठेवला तर चव मुरते, पण उन्हाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा.

सजावट

थोडीच करा. फुटलेल्या फुग्याचा तुकडा बाळाच्या घशाला चिकटतो आणि तो काढायला फार अवघड असतो, म्हणून फुगे असतील तर उंच, छताला. फवाऱ्यासारखी पेटणारी मेणबत्ती, फेसाचा स्प्रे, चमकीचे तोफगोळे यांना सरळ नाही म्हणा. डीजे नको. आंब्याचं तोरण, झेंडू आणि दारापुढे रांगोळी एवढ्याने घर सणासारखं दिसतं. एक दोरी लावून तिला बारा महिन्यांचे बारा फोटो क्रमाने टांगा, पाहुणे सगळ्यात जास्त वेळ तिथेच उभे राहतात.

तो दिवस

सकाळीच एक माणूस बाळासाठी नेमा. आई नव्हे, बाबा नव्हे. त्या दोघांना पाहुणे सोडणार नाहीत. मावशी, आत्या, काका, बाळ ज्याच्याकडे आनंदाने राहतं असं कोणीही. त्या माणसाकडे दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही. बाळ चिडचिडं झालं की कोणालाही न विचारता त्याला उचलून आतल्या खोलीत न्यायचा पूर्ण अधिकार त्याला द्या, आणि हे घरातल्या मोठ्यांना आधीच सांगून ठेवा. आतल्या खोलीत रोजची गोधडी, पाणी, लंगोट, कपड्यांचा जोड आणि अंधार हवा. आईला पाजायला तीच खोली लागते, म्हणून पाहुण्यांच्या पिशव्या तिथे ठेवू देऊ नका.

दुपारची झोप मोडू नका. या वयाच्या मुलाला दिवसरात्र मिळून ११ ते १४ तास झोप लागते, आणि दुपारची एक झोप बुडाली की संध्याकाळचा सगळा कार्यक्रम रडण्यात जातो. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासाने औक्षण हा उत्तम मेळ.

औक्षणाला पाट, भोवती रांगोळी, ताम्हनात कुंकू, अक्षता, सुपारी, सोन्याची अंगठी, निरांजन. बाळाला आजीच्या किंवा आईच्या मांडीवर घेऊन पाटावर बसा. कुंकू बोटाच्या टोकाने, अक्षता चार-पाच दाणेच, कारण त्या डोळ्यांत जातात. निरांजन बाळाच्या हाताच्या पल्ल्याबाहेरून ओवाळायचं. या वयात ज्योत पकडायला हात पुढे येतोच. आजी, आत्या, मामी, मावशी अशा पाच जणींनी ओवाळलं की बास. वीस जणी रांगेत असतील तर बाकीच्यांनी आईला ओवाळा. तिलाही बाळंतपण होऊन वर्षच झालेलं असतं आणि तिच्याकडे त्या दिवशी कोणाचं लक्ष नसतं. दृष्टीची तीट गालाला किंवा कपाळाच्या कडेला लावा, डोळ्यांत काजळ घालू नका.

केक औक्षणानंतर लगेच, सगळे यायची वाट न पाहता. उशिरा येणाऱ्यांसाठी तो दुसऱ्यांदा कापता येतो. बाळाला हातोहात फिरवण्याची प्रथा या दिवशी बंद ठेवा. ज्याला घ्यायचं त्याने हात धुवून घ्यावं, मुका हातापायांना, तोंडाला नाही. सर्दी-खोकला असलेल्यांनी लांबूनच आशीर्वाद द्यावा. हे तुम्ही सांगितलं तर राग येतो, आजोबांनी दारात हसत सांगितलं तर कोणाला येत नाही.

भेटी

आजोळाकडून चांदी येते: वाळे, करदोडा, वाटी-चमचा. घुंगरू असलेले वाळे ओढून पाहा, घुंगरू सुटत असेल तर सोनाराकडून डाक लावून घ्या. गळ्यातली चेन फोटो झाला की काढून ठेवा, झोपताना गळ्यात काहीच नको. पाकिटांतले पैसे कार्यक्रमाच्या खर्चात मिसळू देऊ नका. मुलगी असेल तर पोस्टात सुकन्या समृद्धी खातं उघडता येतं, वर्षाला कमीत कमी २५० रुपये भरले तरी ते चालू राहतं. मुलासाठी पोस्टाचं साधं आवर्ती ठेव खातं चांगलं. येणाऱ्या मुलांना परतभेट म्हणून प्लास्टिकची खेळणी वाटण्यापेक्षा केळीचे दोन-दोन डझन बांधून द्या, पाहुणे खूश होतात आणि पिशवीतला माल त्याच आठवड्यात संपतो.

दुसऱ्या दिवसापासून

सकाळी बाळ उशिरा उठेल, उठू द्या. सतरंजीखाली, पलंगाखाली सुपारी, टाचण्या, फुग्यांचे तुकडे शोधून काढा. मग लसीचं कार्ड उघडून पुढची तारीख पाहा. सोळा महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाचा दुसरा डोस, डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) आणि पोलिओचे बूस्टर आणि जीवनसत्त्व अ चा दुसरा डोस असतो. ती तारीख स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर आजच लिहा, आणि वर्षाचं वजन-उंची करून घ्यायला त्याच आठवड्यात अंगणवाडीत किंवा डॉक्टरांकडे एक फेरी मारा. जाताना घरच्या केकचा एक तुकडा सेविकाताईंसाठी डब्यात घ्या.